लेखनाचा नमुना जोडा

समजा, साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून खडकवासल्याला आणि तिथून फौजेत गेलेला एक लेफ्टनंट कर्नल आहे. नोकरी सतरा वर्षं. दोन पोस्टिंग लडाखमध्ये, एक काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत. आता त्याला एक वर्ष परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करायचाय. फेलोशिपचा अर्ज भरता भरता तो एका ओळीपाशी अडतो : लेखनाचा नमुना जोडा.

लिहिलंय की त्यानं. कपाट भरेल इतकं. त्यातल्या कामाच्या प्रत्येक पानावर शिक्का आहे : गोपनीय.

आता काय जोडायचं?

नवं लिहावं, तर आर्मी रूल्स १९५४ मधला एकविसावा नियम आडवा येतो. राजकीय प्रश्नावर किंवा सेवेशी संबंधित विषयावर काही छापायचं तर सरकारची पूर्वपरवानगी हवी. नियमाचा हेतू योग्यच आहे. गणवेशानं जाहीर राजकारण करू नये, हे आपण कटाक्षानं पाळलं. ज्यांनी पाळलं नाही ते शेजारी डोळ्यांसमोर आहेत. पण ‘बोलू नकोस’चा अर्थ ‘विचार करू नकोस’ असा कधीपासून झाला? आणि परवानगीचा कागद टेबलाटेबलावर मुक्काम करत परत येईपर्यंत अर्जाची मुदत थांबते थोडीच?

निवृत्त झाल्यावर तोच माणूस रात्री नऊ वाजता टीव्हीवर चीनबद्दल हवं ते बोलू शकतो. माहिती ताजी असताना तोंड बंद, शिळी झाल्यावर माइक.

‘फौजीनं लढावं, परराष्ट्र धोरण परराष्ट्र खात्यानं बघावं,’ असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांना एकच तारीख विचारायची. ६ जून २०२०. त्या दिवशी लडाखच्या सीमेवर, चुशूल-मोल्दोला, चिनी जनरलसमोर वाटाघाटीला कोण बसलं होतं? चौदाव्या कोअरचा कमांडर. परराष्ट्र खात्याचा सहसचिव त्या टेबलावर आला तो सहाव्या फेरीला, २१ सप्टेंबरला. दिल्लीच्या सूचना पाठीशी असणारच. पण समोरच्याचा चेहरा वाचायचं काम साडेतीन महिने गणवेशाकडे होतं. याला परराष्ट्र धोरण म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

हे काही आजचंही नाही. १९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी उरले होते. त्यांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. छावणीतले कैदी संतापलेले, बाहेरच्या दोन्ही बाजू भारताकडे संशयानं बघणाऱ्या, आणि एक गोळी चुकीची सुटली तर देशाची अब्रू जाणार. असलं काम कुठल्या युद्धशाळेत शिकवतात?

हेच थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले. १९५९ मध्ये त्यांनी एक टिपण लिहिलं : चीन ईशान्येकडून येऊ शकतो, आपली ठाणी सीमेच्या टोकावर विखुरलेली आहेत, लढाई मागच्या बळकट ओळीवर द्यावी लागेल. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात त्यांनी ते कागदावर लढूनही दाखवलं. लष्करप्रमुख थिमय्यांना पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटलं नाही. कागद नेहरूंपर्यंत पोचलाच नव्हता, असं थोरातांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले.

बासष्टच्या ऑक्टोबरातलं चिनी आक्रमण दीड वर्षावर होतं.

थोरातांना विषय कळत नव्हता असं कोण म्हणेल? अडलं ते दुसरीकडेच. लिहिणारा गणवेशात होता, ठरवणारा मंत्रालयात, आणि मधल्या वाटेवर एकमेकांचं ऐकायची सवय कुणालाच नव्हती. फेलोशिपचं वर्ष लागतं ते या सवयीसाठी. ग्रंथालय काय, बराकीतूनही वापरता येतं.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. एका लेफ्टनंट कर्नलला त्याच्या फौजेनंच सांगितलं, १९७२च्या व्हाइट हाउस फेलोशिपचा अर्ज भर. स्वारीला फारसा उत्साह नव्हता. हुकूम तो हुकूम, भरला. निवड झाली आणि नेमणूक मिळाली अर्थसंकल्पाच्या कचेरीत. तोफा नाहीत, नकाशे नाहीत, नुसते आकडे. साहेब होते कॅस्पर वाइनबर्गर आणि त्यांचे दुय्यम फ्रँक कार्लुची. त्याच वर्षात सोव्हिएत युनियन आणि चीनही बघून झाले. पुढे वाइनबर्गर आणि कार्लुची एकापाठोपाठ एक संरक्षणमंत्री झाले आणि दोघांनाही तो कर्नल आठवला. नाव कॉलिन पॉवेल. १९८७ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, १९८९ मध्ये सेनादलांच्या संयुक्त समितीचे अध्यक्ष, २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री.

आणि उलट वाट? १९८६ मध्ये काउन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्सच्या फेलोशिपवर एक तरुण प्राध्यापिका थेट सेनादलांच्या संयुक्त समितीच्या कचेरीत काम करायला गेली. कोंडोलिझा राइस. पॉवेल यांच्यानंतर परराष्ट्रमंत्री त्याच झाल्या.

एवढ्यावरून फेलोशिपची आरती ओवाळायचं कारण नाही. ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचं ठासून सांगणारे हेच पॉवेल. ती शस्त्रं सापडली नाहीत. परस्परांची ओळख असली म्हणजे माणूस बरोबरच असतो असं नाही. पण बरोबर असलेल्या माणसाचा कागद फडताळात तरी पडत नाही.

आपल्याकडे कुणाला सुचलंच नाही, असंही नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नोव्हेंबर १९६५ मध्ये, दिल्लीत संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था उभी राहिली. २०२० पासून तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. तिथं गणवेशातले अधिकारी आणि मुलकी अभ्यासक एका छपराखाली बसतात. छप्पर चांगलं आहे, लहान आहे. मोठ्या छपराची, म्हणजे संरक्षण विद्यापीठाची, चर्चा १९६७ पासून चालू आहे. कारगिलनंतरच्या समितीनं पुन्हा शिफारस केली. मे २०१३ मध्ये हरियाणात बिनोलाला पायाभरणी झाली.

कोनशिला आहे. वर्ग अजून भरायचेत.

दरम्यान आपला लेफ्टनंट कर्नल हिशेब करतोय. नेमकं याच वयात कर्नलपदाचं सिलेक्शन बोर्ड असतं. युनिटमध्ये राहिला तर वार्षिक गोपनीय अहवाल भरला जातो, अभ्यासरजेवर गेला तर बरोबरीचे पुढे सरकतात. घरी बायको विचारते, मुलाची दहावी कुठल्या गावी? सहकारी विचारतात, फौज सोडायचा विचार आहे का? शिकायला निघालेल्या माणसाकडे राजीनामा द्यायला निघाल्यासारखं बघायचं, ही कुठली रीत? पॉवेलना अर्ज भरायला लावणाऱ्या फौजेला हे वर्ष फुकट वाटलं नव्हतं. आपल्या बोर्डाला का वाटावं?

दोन शब्द अर्जदारालाही. फौजेत ‘मी’ म्हणणं वाईट दिसतं. तुकडीनं केलं, युनिटनं केलं, असंच म्हणायचं असतं. हा संस्कार मोलाचा आहे. पण निवड समिती तुकडीला बोलावत नाही. तिला तुमचं मत हवंय, आणि ते साहेबांच्या मतापेक्षा वेगळं असेल तर अधिकच हवंय. शिफारसपत्रात नऊपैकी नऊ गुण सांगून भागत नाही. हा माणूस कुठल्या प्रश्नावर अडून बसला होता, ते तिथं यायला हवं. आणि एलएसी, आरओई, सीआय ऑप्स ही अक्षरं गाळा. प्राध्यापकाला ती वाचता येत नाहीत, आणि तुमच्याही डोक्यात कधीकधी ती विचाराची जागा घेतात.

राहिला लेखनाचा नमुना. लडाखमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ना? सैन्यं मागं सरली, मधे बफर झोन आला, आणि चुशूलच्या मेंढपाळांची चराईची कुरणं त्यात गेली. तात्पुरता बफर झोन कायमचा केव्हा होतो? हा प्रश्न लिहायला नकाशा लागत नाही, आकडा लागत नाही, गोपनीय काहीच लागत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर बसा. चार पानं, साध्या भाषेत, ‘मला असं वाटतं’पासून सुरुवात. सकाळी परवानगीच्या अर्जाला जोडून कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर ठेवा, आणि पोच घ्या.