उष्णतादर्शी दुर्बीण आणि कॅम्प ४ मधली शिकार

मुठीत मावणारी उष्णतादर्शी दुर्बीण उजेडाच्या भानगडीत पडत नाही. प्राण्याच्या अंगातून निघणारे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण ती टिपते. हे किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणून भिंग जर्मेनियमचे असते आणि किंमत खिसा गरम ठेवणाऱ्यांनाच झेपते.

परदेशात ती शिकाऱ्यांसाठी विकली जाते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, त्यामुळे घेणारा प्रत्येक जण आपोआप निसर्गप्रेमी ठरतो. २०१८ मध्ये यवतमाळच्या अवनी वाघिणीच्या शोधातही उष्णतादर्शी ड्रोन वापरले गेले.

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये या यंत्राची खरी कसोटी लागते. मुळात ही युद्धकाळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडले. आता टेहळणीला उरले भटके कुत्रे, गटारातल्या घुशी, तापलेले ट्रान्सफॉर्मर आणि रिक्षांचे सायलेन्सर. पडद्यावर सगळेच सारख्या उत्साहाने चमकतात.

प्राणी आणि भोवताल यांच्या तापमानात फरक असेल तरच तो उठून दिसतो. मे महिन्याच्या दुपारी सावलीतली भिंत आणि माणूस जवळपास एकाच तापमानाला येतात; तेव्हा लाखाचे यंत्र एकसारखा करडा पडदा दाखवते. खिडकीच्या काचेवर रोखले, तर घरातले रहस्य कळत नाही. पाहणाऱ्याचीच धूसर आकृती दिसते. उल्हासनगरातली वालधुनी नदी शोधायला मात्र नाक पुरते.