निळे थकबाकीदार

सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हा ४२ फ्लॅटांचा मेंटेनन्स एक्सेलात होता. थकबाकीचे चौकोन आधीचे खजिनदार दर महिन्याला हातानं लाल करायचे. दहा मिनिटांचं काम. म्हटलं, मॅक्रो लिहून ही दहा मिनिटं वाचवू. त्यात तीन रविवार गेले.

मॅक्रोच्या भाषेत सेलच्या आतल्या रंगाला ‘इंटिरियर’ म्हणतात. आमच्या इमारतीत हा शब्द निघाला की सहा महिने डोक्यावर ड्रिल चालतं, तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. अक्षरांचा रंग म्हणजे ‘फॉन्ट’. पहिल्या रविवारी दोन्हीकडे लालच लिहिला. लालात लाल! कोणाकडे किती बाकी, कुणालाच दिसेना. थकबाकीदारांना हीच पद्धत आवडली असती.

दुसऱ्या रविवारी हुकूम सोडला: बाकी शून्य असेल तर हिरवा. रकाना कुठं संपतो ते सांगायचं मात्र राहिलं, आणि मॅक्रोच्या लेखी रिकामा सेलही शून्यच. कॉम्प्युटर बराच वेळ घुमला आणि पार १०,४८,५७६व्या ओळीपर्यंत हिरवंगार झालं. म्हणजे बिल्डरनं जे फ्लॅट बांधलेच नाहीत, त्यांनीही मेंटेनन्स वेळेवर भरला होता. कंट्रोल-झेड बडवून पाहिलं. मॅक्रोनं घातलेला गोंधळ कंट्रोल-झेड निस्तरत नाही, हे ज्ञान तेव्हा झालं. चहाचा कप ठेवता ठेवता बायको म्हणाली, “हातानं रंगवत बसला असतात, तर एव्हाना पुढच्या वर्षाचंही झालं असतं.”

तिसऱ्या रविवारी मुलीच्या वेब डिझाइनच्या वहीतून लालचा कोड उचलला: दोन एफ, पुढे चार शून्यं. वेबवाले लाल-हिरवा-निळा या क्रमानं लिहितात. मॅक्रो तेच आकडे उलटीकडून वाचतो. (२००७ पूर्वीचं एक्सेल बरं होतं. एका फाइलीत ५६च रंग, तीन म्हणजे लाल, विषय संपला.) जेवायची हाक आली म्हणून तक्ता न बघताच ग्रुपवर टाकला. झाडून सगळे थकबाकीदार निळेशार!

तीन वर्षांत छदाम न भरलेल्या गृहस्थांनी लगेच जोडलेले हात पाठवले. रात्री बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, हातात पावत्यांची पिशवी.

“अहो, आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला भरतो ना? मग आम्हाला निळा का नाही?”