रान तोलावं कसं? (फक्त नवशिक्यांसाठी)

जागा उत्तर स्वीडनमधल्या आबिस्कोची घ्या. आर्क्टिक वर्तुळाच्या वर साधारण २०० किलोमीटर, तोर्नेत्रेस्क सरोवराच्या काठी. इथलं संशोधन केंद्र १९१३ पासूनचं, तेव्हा गुडघे टेकून झुडपं मोजणारे तुम्ही पहिले नव्हेत. शेजारचं राष्ट्रीय उद्यान त्याहून जुनं, १९०९ चं. तिथे परवानगीशिवाय कात्री काढलीत, तर पुढचं वाचायची गरज उरणार नाही.

जंगलात मान वर करून बघायची सवय मोडा. इथला पहाडी भूर्ज, म्हणजे हिमालयातल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद, जेमतेम काही मीटर वाढतो. सगळी झाडं तोडता येत नाहीत, म्हणून मोजकी तोडून तोलायची आणि बाकीच्यांचं वजन खोडाच्या जाडीवरून सूत्राने काढायचं. जाडी १.३ मीटर उंचीवर मोजावी, असा नियम आहे. खोड बर्फाने वाकून आडवं झालं असेल, तर ही उंची कुठली ते सोबत्यांशी भांडून ठरवा.

खालच्या झुडपांसाठी चौकट टाका, २० बाय २० सेंटिमीटरची. जागा चिठ्ठ्या टाकूनच ठरवायची. चौकट ब्लूबेरीच्या गच्च झुडपावर पडावी असं फार वाटेल. ती दगडावर पडेल. हलवू नका. आतलं सगळं जमिनीलगत कापून पिशवीत भरा. अंधार पडला, आता पुरे, ही सबब चालणार नाही. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे सूर्य मावळतच नाही.

आता टेबलावर पिशवी उपडी करा आणि मेथी निवडायला बसल्यासारखे बसा. एम्पेट्रमचं झुडूप वेगळं, लिंगनबेरी वेगळी, शेवाळ वेगळं. मग प्रत्येकाची पानं, काड्या आणि यंदाची वाढ वेगळी. एम्पेट्रमची पानं काही मिलिमीटरची, वाळली की बोटांना चिकटून भलत्याच ढिगात जातात. हायलोकोमियम नावाचं शेवाळ दरवर्षी जुन्या वाढीवर एक नवी पायरी चढवतं. वरची हिरवी पायरी जिवंत, तळची तपकिरी मेलेली, इथवर सोपं. मधली हिरवट-तपकिरी पायरी सकाळी जिवंत वाटते, संध्याकाळी पाठ भरून आली की मेलेली. शोधनिबंधात दशांशचिन्हापुढे जे दोन आकडे छापून येतात, ते इथे जन्मतात. या चौकटीतला एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला की चौरस मीटरला २५ ग्रॅमचा आणि हेक्टरी अडीचशे किलोचा फरक. चिमूटभर शेवाळ!

मुळं टाळू नका. झुडपांचं बरंचसं धन जमिनीखालीच असतं. मातीचा नमुना बारीक चाळणीवर गार पाण्याने धुवा आणि केसासारखी मुळं चिमट्याने उचला. जिवंत मूळ लवचिक, मेलेलं ठिसूळ, असं शिकवतात. तुमच्या चिमट्यात दोन्ही तुटतील.

सगळं ७० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, सहसा दोन दिवस. बाहेर काढून चहाला जाऊ नका, वाळलेला पाला हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो.

वजन झालं की त्यात नायट्रोजन किती, ते बघायचं. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डालची १८८३ ची पद्धत आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअरच्या धान्यातली प्रथिनं मोजायला काढलेली. दळलेला नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, अल्कली घालून निघणारा अमोनिया धरायचा आणि मोजायचा. दळण्याआधी चिरडलेले डास वेचून काढा. त्यांच्यात पानापेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन असतो, त्यातला थोडा तुमच्याच रक्तातला.

तारीख मात्र न विसरता लिहा. पान गळण्याआधी भूर्ज त्यातला नायट्रोजन परत खेचून घेतो. जुलैचं पान आणि सप्टेंबरचं पान एकाच रकान्यात घातलंत, तर तो रानाचा नव्हे, तुमच्या रजेचा अभ्यास ठरेल. आणि साधारण दहा वर्षांनी उसळणाऱ्या पतंगाच्या अळ्यांचं वर्ष निघालं, जसं इथे १९५५ साली निघालं होतं, तर पानांची पिशवी रिकामीच राहील. अळ्यांची विष्ठा गोळा करायला जमिनीवर ट्रे मांडा, आणि निवडायला पुन्हा बसा.