बंड्याचा अन्नत्याग

नामदेव महाराजांचं एक बरं होतं. त्यांची भाकरी कुत्र्यानं आपण होऊन पळवली होती. महाराजांना फक्त तुपाची वाटी घेऊन मागे धावायचं होतं. कुत्रा पुढे, तूप मागे आणि भाकरी आधीच कुत्र्याच्या तोंडात, म्हणजे निम्म्याहून अधिक काम झालेलंच होतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तूप होतं, वाटी होती, धावायला सबंध कुटुंब तयार होतं; कुत्रा मात्र जागचा हलायला तयार नव्हता. कोरडी भाकरी नको, तूप लावलेली नको आणि भाकरीशिवाय नुसतं तूप तर त्याहून नको.

बंड्या शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी सापडलेला, शुद्ध देशी. गल्लीत त्याला ‘बंडू भैया’ म्हणतात, कारण ज्या नावाचा अर्थ लागत नाही त्याला भैया जोडून मोकळं व्हायची भोपाळची रीत आहे. तब्येत ठणठणीत असताना या भैयांनी जे जे खाल्लं त्यात टीव्हीचा रिमोट, आईच्या जपमाळेची गोमुखी आणि एक सबंध दिवाळी अंक होता. (सबंध म्हणजे कथा आणि जाहिराती. कवितांना त्यानं तोंड लावलं नव्हतं.) अशा प्राण्यानं एका सकाळी दूधपोळीचा वास घेतला, आमच्याकडे अत्यंत सभ्य नजरेनं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. रुसलेल्या जावयानंसुद्धा इतक्या सफाईनं केलं नसतं.

डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या, कानामागून एक टपोरी गोचीड काढून टेबलावर ठेवली आणि रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला: टिक फीवर, आपल्या भाषेत गोचीडताप. प्लेटलेट्स खाली गेलेल्या. हा आजार १९३५ साली अल्जीरियातल्या कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे त्यानं आडवे केले, ही माहिती मी घरी येऊन मोठ्या गांभीर्यानं सांगितली. आई म्हणाली, “अमेरिकेच्या पलटणीला जमलं नाही ते तू भरवून करणार?”

औषध होतं डॉक्सिसायक्लिन, चार आठवडे. त्याची अट एकच, उपाशीपोटी द्यायचं नाही, नाही तर मळमळतं. आजारामुळे भूक नाही, भूक नाही म्हणून अन्न नाही, अन्न नाही म्हणून गोळी नाही आणि गोळी नाही म्हणून आजार हटत नाही. सरकारी कचेऱ्यांत मी उमेदीची वर्षं काढली आहेत, पण इतकी बिनचूक फिरणारी फाइल मी तिथेही पाहिली नाही.

डॉक्टरांनी पथ्य सांगायला सुरुवात केली तेव्हा आई शेजारीच बसली होती. “कांदा-लसूण तो नहीं देते न?” त्यांनी विचारलं. कांद्यालसणातली द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवलेला कांदासुद्धा चालत नाही, कांदा उकळलेलं पाणीही नाही. मनुका-बेदाणे नाहीत, त्यानं मूत्रपिंड जातं. चॉकलेट नाही. मीठमसाला नाही. आई खुर्चीत हळूहळू ताठ होत गेली. चातुर्मास चालू होता. गेली कित्येक वर्षं “कांद्याशिवाय कसली आली भाजी” म्हणून तिची चेष्टा करणाऱ्या तिच्या मुलाकडे तिनं एक कटाक्ष टाकला. पशुवैद्यकशास्त्र तिच्या बाजूचं निघालं होतं. आमच्या घरात कुत्र्याला निर्धोक असं एकच स्वयंपाकघर होतं, ते तिचं.

मग डॉक्टर म्हणाले, “और उबला हुआ चिकन दीजिए.” आई पुन्हा वाकली.

तडजोड अशी झाली की कोंबडी गच्चीवर शिजेल. जुनी इंडक्शन शेगडी वर नेली, एक पातेलं कायमचं बाटवलं आणि सल्लागार म्हणून शेजारच्या खाँसाहेबांना पाचारण केलं. खाँसाहेब जुन्या भोपाळचे. इतवाऱ्यात वाढलेले, मीठ घातलेला सुलेमानी चहा पिणारे आणि गोश्ताच्या बाबतीत अधिकारी पुरुष. ते उत्साहानं आले. मी कृती सांगितली: कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, मीठ नाही, तेल नाही; फक्त पाणी. त्यांच्या चेहऱ्यावर शोककळा पसरली. “को खाँ,” ते म्हणाले, “ये यख़नी नहीं है, ये तो मुर्ग़े का ग़ुस्ल है.” तरीही ते मांडी घालून बसले आणि हाड न् हाड वेगळं काढून दिलं, कारण शिजवलेलं कोंबडीचं हाड टोकदार फुटून आतड्यात रुततं हे त्यांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं.

हे गुस्लचं पाणी भातावर घालून खाली आणलं. बंड्यानं वास घेतला. सगळ्यांनी श्वास रोखले. बंड्या उठला, वाडग्याला वळसा घालून दुसऱ्या खोलीत गेला आणि तिथल्या भिंतीकडे तोंड करून बसला.

मी वाचायला घेतलं. माणसाच्या जिभेवर चव घेणारे कळे नऊएक हजार, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. म्हणजे चवीत त्याला फारसं गम्य नाही, त्याचं जेवण निम्मं नाकानं होतं. म्हणून आजारी कुत्र्याचं अन्न कोमट करून द्यायचं. वास मोकळा होतो. फ्रीजमधलं गार अन्न त्याच्या लेखी जवळजवळ नसतंच. हे कळल्यापासून प्रत्येक घास गरम होऊ लागला. फार गरमही नको, तोंड पोळलं तर संपलंच. आईनं ज्या कोपरानं नातवंडांच्या अंघोळीचं पाणी तपासलं होतं, तेच कोपर आता चिकनभातावर टेकू लागलं. ‘चातुर्मास’ हा शब्द घरात कोणी काढेना.

गरम घास दोन दिवस चालला. मग आम्ही हुशारी केली. बायकोनं पनीरच्या गोळ्यात औषधाची गोळी दडवली. बंड्यानं विश्वासानं पनीर खाल्लं, थोड्या वेळानं त्याला मळमळलं आणि पनीर त्याच्या आयुष्यातून गेलं. दुसऱ्या दिवशी गोळी उकडलेल्या अंड्यात, तिसऱ्या दिवशी अंडंही गेलं. मग शिजवलेला लाल भोपळा, मग मऊ भात. याला शास्त्रात आधार आहे. जॉन गार्सिया या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५५ साली उंदरांवर दाखवून दिलं की एखादी चव घेतल्यावर पोट बिघडलं की प्राणी त्या चवीलाच गुन्हेगार ठरवतो. खरा गुन्हेगार दुसरा असला तरी. गार्सियाच्या उंदरांना बिघाड किरणोत्सर्गानं झाला होता आणि आळ आला साखरेसारख्या गोड पाण्यावर. आमच्याकडे आळ येईल असे पदार्थ रोज नवे निघत होते आणि ते आम्हीच करत होतो. मुलगी फ्रीजवर यादी चिकटवून बाद झालेल्या पदार्थांवर काट मारू लागली. शेवटी राहिलेल्या पदार्थांत दुधी भोपळा होता, जो घरातला कुठलाच सस्तन प्राणी खात नाही.

आग्रह हा आमचा कुलाचार आहे. पंगतीत पानावर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारे लोक आहोत आम्ही. पण हे सगळं कसब समोरचा ‘नको नको’ म्हणत असेल तरच चालतं. बंड्या ‘नको’ही म्हणत नव्हता. मुलीनं चिऊचा घास, काऊचा घास करून पाहिलं. खिडकीत खरा काऊ आला आणि तो घास घेऊन गेला. बायकोनं अनुल्लेखाचा मार्ग धरला, वाडगं ठेवायचं आणि तिकडे बघायचंच नाही. बंड्यानंही तिकडे बघितलं नाही. समोरच्या भाभीजी पोहे-जलेबी घेऊन आल्या, “हमारे टॉमी को तो इसी से आराम आया था.” पोह्यांवर कच्चा कांदा पेरलेला होता. तो नजराणा मी जागच्या जागी, स्वतःच्या जिवावर उदार होऊन संपवला.

आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका घरभर झाला, रुग्ण सोडून सगळे शिंकले. मग तिनं मला महाभारत ऐकवलं. भारताच्या आरंभी जनमेजयाचे भाऊ यज्ञात आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला मारतात. त्याची आई सरमा विचारते की यानं हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, ते चाटलं नाही, मग मारलंत का? उत्तर मिळत नाही, तेव्हा ती जनमेजयाला शाप देते. आमच्या यज्ञात गाऱ्हाणं नेमकं तेच होतं, फक्त ते यजमानांचं होतं. हा पाहत नाही, हा चाटत नाही. शाप कोणी कोणाला द्यायचा, एवढंच ठरत नव्हतं.

निराश होऊन मी पावलॉव्हकडे वळलो. देवघरातली घंटा घेतली आणि वाडग्याशेजारी वाजवली. बंड्यानं डोळे उघडले. उतारवयात का होईना हा माणूस पूजेला लागला, असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसलं आणि त्यानं डोळे मिटले. पावलॉव्हला नोबेल मिळालं १९०४ साली, ते घंटेसाठी नव्हतंच, पचनावरच्या कामासाठी होतं. आणखी एक गंमत कमी लोकांना माहीत असते: त्याच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या जठरातला रस गोळा करून, गाळून, बाटल्यांत भरून माणसांना विकला जायचा, पोट मंदावलेल्यांना औषध म्हणून. ही हकिगत मी खाँसाहेबांना सांगितली. त्यांनी कोंबडी सोलता सोलता माझ्याकडे रोखून पाहिलं आणि त्या दिवशी आमच्याकडचा चहा घेतला नाही.

आईला तर आता मोठी माणसं मध्ये घालायची होती. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला, तेव्हा त्यांचे नमुने तपासायला भोपाळलाच आले होते. पशुरोगांची ती अतिसुरक्षित प्रयोगशाळा आनंदनगरला आहे. “एवढ्या लांबच्या कोंबड्यांची चौकशी इथे होते आणि घरच्या कुत्र्याची नाही?” असा तिचा सवाल होता. ती संस्था देशावरची संकटं बघते, बंड्याची अरुची तिच्या कक्षेत येत नाही, हे मी समजावलं. “हे संकट नाही तर काय आहे?” ती म्हणाली. तिच्या हातात तेव्हा चिकनभाताचं वाडगं होतं आणि नाकाला पदर नव्हता.

याच भोपाळात पेशव्यांनी उपासमारीचं राजकारण यशस्वी करून दाखवलं होतं. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावानं निजामाला इथे कोंडलं, त्याची रसद तोडली, आणि नवं साल उजाडून आठवडा होतो न होतो तोच, ७ जानेवारी १७३८ ला, दोराह्याच्या सराईत निजामानं माळव्यावर पाणी सोडलं. बंड्यानं या युद्धशास्त्रात मोठीच सुधारणा केली. उपाशी तो राहिला आणि तहाला आम्ही आलो.

तहाच्या वाटाघाटी पुन्हा डॉक्टरांकडे झाल्या. आमची पदार्थांची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, मान हलवली आणि सांगितलं की कुत्रा हट्टी नाही, त्याला मळमळतंय. पोटात ढवळत असताना तुम्ही तरी श्रीखंड खाल का? आधी मळमळ थांबवायची, मग तासाभरानं थोडंसं अन्न आणि अन्नावर गोळी. ती गोळीही जेवणात लपवायची नाही. जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून गळा चोळायचा आणि मागून पाणी पाजायचं. जेवण वेगळं, औषध वेगळं. आणि तोंडात अन्न कोंबायचं नाही, ते श्वासनलिकेत गेलं तर नवं दुखणं. त्यांनी उलटी-मळमळीचं इंजेक्शन दिलं, पुढच्या दिवसांसाठी गोळ्या लिहिल्या आणि सलाइन लावलं.

संध्याकाळी बंड्या उठला, गच्चीवर गेला आणि पातेल्यात तोंड घालून खाँसाहेबांची बिनकांद्याची यखनी प्यायला. मग भात खाल्ला. मग पातेलं पुसून ठेवलं.

श्रेयासाठी आजतागायत भांडण चालू आहे. आई म्हणते दृष्ट. बायको म्हणते अनुल्लेख. खाँसाहेब म्हणतात, “हाथ का असर है, मियाँ.” भाभीजींनी टॉमीचं नाव घेतलं. डॉक्टरांच्या बिलात इंजेक्शनची एक ओळ आहे, पण ती कोणी वाचायला तयार नाही.

प्लेटलेट्स वर आल्या, तहाची कलमं मात्र कायम राहिली. जेवण कोमट असेल. पहिले काही घास हातानं मिळतील. कोंबडी आठवड्यातून दोनदा, आणि ती आता गच्चीवर शिजत नाही. घरातल्या शेगडीवर शिजते, फक्त आई त्या वेळी “मी देवळात जाऊन येते” म्हणते आणि निघताना “शिट्ट्या तीनच कर” असं सांगून जाते.

तुमच्याकडे असा कोणी अन्नत्यागी असेल तर आमच्या पाककृती खुशाल मागून घ्या. पण सबंध दिवस पोटात काही गेलं नसेल, उलट्या होत असतील किंवा पाण्यालाही तोंड लावत नसेल, तर पातेलं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. पिल्लू असेल तर सबंध दिवसाचीही वाट बघू नका. आणि वरून कांदा कोणी सुचवला, तर त्याला आमच्या आईकडे पाठवा.