घासून गेलेली जर्मनी

काही माणसं बंद पडलेली वस्तू दुरुस्त करतात, काही माणसं ती नुसती उघडतात. मी दुसऱ्या जातीचा. मिक्सर, टेबलफॅन, गजराचं घड्याळ हे सगळं मी यशस्वीपणे उघडलेलं आहे. ते मिटायला मात्र दरवेळी पैसे देऊन माणूस बोलवावा लागला. म्हणून मी माळ्यावरून आबांची छऱ्याची बंदूक खाली काढली, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "काय उघडायचं ते गॅलरीत उघडा."

कोल्हापुरात नेमबाजीला किंमत आहे. तेजस्विनी सावंत इथल्याच. २०२४ ला पॅरिसहून कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसळे राधानगरी तालुक्यातला. या परंपरेत आमच्या घराण्याची भर म्हणजे माझे आजोबा. आबा देठावर छरा मारून कैरी पाडायचे, असं घरात तीन पिढ्या सांगितलं जातं. आणि बंदूक कुठली? तर अस्सल जर्मन, डायना! पुरावा बंदुकीवरच होता: धनुष्यबाण टाकून देऊन बंदूक उंच धरलेली एक छोटी बाई. डायना म्हणजे रोमन लोकांची शिकारीची देवी. आजीला रोम ठाऊक नव्हतं, पण देवी म्हटल्यावर पुढचं सांगावं लागलं नाही. दर खंडेनवमीला कोयता, विळी आणि बंदूक पाटावर मांडली जायची. तिघांवर पाणी शिंपडून हळदकुंकू वाहिलं जायचं आणि त्यातलं जास्त देवीला. एवढ्या वर्षांच्या भक्तीने देवीवर गंजाचा चांगला जाड थर चढला होता.

यंत्र म्हणाल तर अगदी साधं. दारू नाही, काडतूस नाही. नळी मोडून खाली ओढली की आतला दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि अडकून बसते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि बारीक भोकातून ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याला ढकलते. छरा शिशाचा, कमरेत बारीक, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम. ही सगळी माहिती मी मुलाला सांगत होतो आणि सांगता सांगता मागच्या दोन पिना ठोकून काढत होतो. बंदूक भरलेली नसली तरी आतली स्प्रिंग थोडी दबलेलीच असते. म्हणून जाणकार आधी शिकंजा लावतात, मग पिनेला हात घालतात. मी गुडघा लावला होता.

स्प्रिंग गॅलरीतून निघाली ती दिवाणखाना ओलांडून पंख्याला लागली. पंखा तेव्हापासून एका अंगाने फिरतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "गॅलरीत म्हटलं होतं." मी गॅलरीतच होतो, पण हा मुद्दा मांडायची ती वेळ नव्हती.

मग गंज. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "पॉलिशपेपर कितीचा देऊ?" आकडा जितका मोठा तितका कागद मऊ, हे त्या व्यवसायातलं पहिलं ज्ञान. मी काटकसरी माणूस, लहान आकडा मागितला. दुपारभर जीव तोडून घासलं. हळद गेली, कुंकू गेलं, गंज गेला. संध्याकाळी पोलाद चांदीसारखं लखलखत होतं आणि त्यावर देवी नव्हती.

म्हणजे आमची जर्मनीच घासून गेली. खऱ्या डायना बंदुका रास्टाट गावच्या, १८९० साली सुरू झालेल्या कारखान्यातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली यंत्रं उचलून ब्रिटनला नेली आणि स्कॉटलंडमध्येही डायना नावाच्या बंदुका निघू लागल्या. आपल्याकडे तर तिच्या नकला कितीतरी. आमची यातली नेमकी कुठली, हे सांगू शकणारी एकटी ती छोटी बाई होती. काका म्हणाले, "जर्मनच आहे." आता नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कशाच्या जोरावर म्हणणार?

दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. हवा मागे निसटू न देण्याचं काम त्याचं. आमचा वाळून त्याची सुपारी झाली होती. मी तो घेऊन चप्पल लाइनला गेलो. कारागिराने उलटासुलटा करून विचारलं, "डाव्या पायाचं हाय का उजव्या?" पण माणूस हुशार. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. टणक, पण भिजवलं की साच्यात बसतं आणि वाळलं की तोच आकार धरून राहतं. त्याने बघता बघता वाटी वळून दिली. या सगळ्या प्रकरणात नीट झालेलं काम हे एकच, आणि ते मी केलेलं नव्हतं. फक्त आता नळी मोडली की बंदूक करकर वाजते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, घरात पैलवान आलाय.

चामडं तेलात मुरवावं लागतं. घरात खोबरेल होतं, ते ओतलं. दिवस डिसेंबरचे. सकाळी बाटलीतलं तेल गोठलं होतं आणि बंदुकीतलंही. चाप ओढला, दट्ट्या सावकाश पुढे गेला आणि छरा नळीतून बाहेर येऊन माझ्याच पायाशी पडला. मग सगळं पुसून शिवणयंत्राचं तेल घातलं. आधीचा अनुभव लक्षात घेऊन सढळ हाताने घातलं. आता, हवा झटकन दाबली की तापते आणि तापलेल्या हवेत तेल पेटतं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं आणि त्या सकाळी आमची बंदूकही. काडकन आवाज झाला, नळीतून धूर निघाला आणि समोरच्या तिन्ही गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली.

मी त्यांना शांतपणे समजावलं, "२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन लागत नाही."

समोरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "बंदुकीला नसेल लागत. तुम्हाला लावायला हवं."

तेल जळून संपलं, आवाज निवला, मग चाचणी घेतली. गावाकडच्या घरामागे, पक्क्या भिंतीला कागद लावून, सगळ्यांना माझ्या पाठीमागे उभं करून. अंतर १० मीटर. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगमध्ये सुवर्णपदक घेतलं ते याच अंतरावर, आणि तिथे दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. मी कागद घेतला होता अख्ख्या वर्तमानपत्राचा. श्वास रोखला, चाप ओढला. कागद जसाच्या तसा. डावीकडे हातभर अंतरावर पालथी घातलेली प्लॅस्टिकची बादली मात्र टक् वाजली. पुन्हा मारला. पुन्हा बादली. बंदूक ठाम मताची होती.

आत्याला फोन लावला. "आबा एवढा नेम धरायचे तरी कसा गं? ही तर डावीकडे मारते."

"पहिल्यापासून मारते," आत्या म्हणाली. "आबा कुठली कैरी पाडणार ते आधी कधी सांगायचेच नाहीत. पडली की म्हणायचे, हीच."

मी फोन ठेवला. बायको भोकं पडलेली बादली हातात घेऊन उभी होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बादलीलाच नेम धरला होता."

"असं का?" ती म्हणाली. "मग पुढच्या वेळी काय मारणार ते आधी कागदावर लिहून माझ्याकडे द्या, आणि मग मारा."

बंदूक सध्या उत्तम अवस्थेत आहे. अटीवर माझा विचार चालू आहे.