रस्त्याचा हयातीचा दाखला

आमचा नंदुरबार जिल्हा राज्यात पहिला आहे असं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं, की तो आधी हसतो आणि मग नंदुरबार नक्की कुठे आलं ते विचारतो. पण आमच्याकडे पुरावे आहेत, आणि तेही सरकारी. महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांच्या यादीत क्रमांक एक नंदुरबार. विधानसभेच्या यादीत क्रमांक एक अक्कलकुवा. राज्यातलं पहिलं मतदान केंद्र नर्मदेकाठचं मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातून पहिलं गेलेलं गावही मणिबेलीच. मतदानाचा पहिला मान त्यांचा आणि बुडण्याचाही त्यांचाच. देशातलं पहिलं आधार शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी, खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते. पुढे २०२१ साली नीती आयोगाने गरिबीची जिल्हावार यादी काढली, तर तिथेही राज्यात आम्हीच अव्वल: निम्म्याहून जास्त लोक गरीब.

इतक्या ठिकाणी पहिला आलेल्या विद्यार्थ्याचं कौतुक नको का व्हायला? ते २०१८ सालीच करून ठेवलं होतं. केंद्राने आम्हाला ‘आकांक्षित जिल्हा’ जाहीर केलं. सोबतीला गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. आता जाहीर झालंच आहे तर आमची आकांक्षाही सांगून टाकतो. मतदान यंत्र जिथवर पोहोचतं, तिथवर डॉक्टर पोहोचावा. बस्स. निवडणूक आली की त्या यंत्राला बोट मिळते, जीप मिळते, पोलीस मिळतात, आणि शेवटच्या चढावर उचलायला माणसंही मिळतात. त्याच पाड्यावरच्या बाळंतिणीला मात्र बांबूला बांधलेली झोळी मिळते. यंत्राचं एक बरं असतं: ते बंद पडलं तर बदली यंत्र मिळतं.

आमच्या गल्लीत नाना राहतात. निवृत्त ग्रामसेवक. उभी हयात कागदात घालवल्यामुळे कागदावर त्यांचा अजिबात विश्वास नाही. नोव्हेंबर आला, की पेन्शनसाठी नानांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा गेले, यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र म्हणालं जुळत नाही. दुसरा अंगठा ठेवला, तोही जुळेना. म्हातारपणात रेषा झिजतात, हे यंत्राला कुणी शिकवलेलं नाही. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या माणसाच्या तर ऐन तिशीत झिजतात, आणि रेशन दुकानात त्याला रोज नव्याने कळतं की आपण आपण नाही. नाना ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “मी जित्ता शे, हाई माले दरसाल सिद्ध करनं पडस. आपला रस्ता जित्ता शे का, हाई कोणी इचारस का?”

मी हसलो. मग हसू थांबलं, कारण प्रश्न चोख होता.

सामान्य नागरिक म्हणजे या राज्यातला सर्वांत संशयित इसम. तो आहे की नाही, इथलाच आहे का, त्याची जात तीच आहे का, बँकेतलं नाव आणि कार्डावरचं नाव यांत एक काना जास्त तर नाही ना, हे सगळं त्याने सिद्ध करायचं. दहा बोटं दिली, दोन डोळे दिले, ई-केवायसी केलं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा केलं, कारण मधल्या काळात आपण बदललो असू. याच्या उलट रस्ता, नळ, इंजिन, आश्रमशाळेतली गादी, शेततळं, यांच्यावर शासनाचा अढळ विश्वास. बिल आलं म्हणजे वस्तू आहे. फोटो आला म्हणजे तर ती वापरातही आहे.

या विश्वासाची किंमत किती, ते शोधायचा प्रयत्नही झाला आहे. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातल्या योजनांमध्ये राज्यभर गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारी होत्या. डिझेल इंजिनं, दुभती जनावरं, कन्यादान योजनेतल्या वस्तू. काही पोहोचल्या नाहीत, काही भलत्याच दारात पोहोचल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ साली निवृत्त न्यायाधीश एम. जी. गायकवाड यांची समिती बसली. समिती राज्य फिरली आणि २०१७ साली तिने जाडजूड अहवाल दिला. मग त्या अहवालाचं काय करायचं हे ठरवायला माजी सनदी अधिकारी पी. डी. करंदीकर यांची दुसरी समिती बसली. ज्या म्हशीचा शोध सुरू झाला होता, ती कागदावर असली तरी एव्हाना म्हातारी होऊन मेली असणार. पण तिच्या नावाची फाइल दूध देते आहे.

पाण्याची गोष्टही अशीच. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून सगळ्यांना कळलं की दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले आणि सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढलं. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्रं लिहून आतली गोष्ट बाहेर काढली. २०१२ च्या नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली आणि तिने वाढीचा आकडा ५.१७ टक्के सांगितला. नदीत थेंब न वाढता सिंचन इतकं वाढवण्याची किमया भगीरथालाही जमली नसती; त्या बिचाऱ्याला खरोखरची गंगा आणावी लागली होती. आमच्या तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज झाले. नदीत पाणी अडलं, दिसायला देखणं. काठावरच्या २२ उपसा सिंचन योजना मात्र वर्षानुवर्षं बंद राहिल्या. नदीत पाणी नव्हतं तेव्हा योजना होत्या, पाणी आलं तेव्हा पंप गंजले होते. दर निवडणुकीत त्यांच्या दुरुस्तीची घोषणा होते. घोषणेला गंज चढत नाही, हा तिचा गुण.

हा दोष फक्त महाराष्ट्राचा आहे असं कुणी समजू नये. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. तिकीट महाराष्ट्रात काढायचं, तक्रार करायला स्टेशनमास्तरकडे गुजरातेत जायचं. मधल्या बाकावर बसलेला माणूस दोन्ही राज्यांच्या विकासाचा लाभार्थी असतो. तर नर्मदेपलीकडे, त्याच गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, ऑक्टोबर २०२३ मध्ये एक गुन्हा दाखल झाला. बोडेलीत म्हणे कार्यकारी अभियंता, सिंचन प्रकल्प विभाग, अशा नावाचं कार्यालय होतं. आदिवासी विभागाच्या निधीतून त्याने ९३ कामांचे ४ कोटी १५ लाख रुपये उचलले. चौकशीत निघालं की असं कार्यालयच अस्तित्वात नाही. कार्यालय खोटं, अभियंता खोटा, शिक्का खोटा. खरे होते ते फक्त पैसे.

ही बातमी मी नानांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी खात्यातल्या माणसासारखा प्रश्न विचारला: “मग इतके दिवस कुणाला कळलं कसं नाही?” कळणार कसं? खऱ्या कार्यालयातून प्रस्ताव येतो, खोट्यातूनही आला. खऱ्याला निधी जातो, खोट्यालाही गेला. काम जागेवर दिसत नाही, यात तर दोघांमध्ये काहीच भेद नव्हता. नागरिक खोटा आहे का हे ओळखायला शासनाकडे बुबुळं तपासायचं यंत्र आहे. आपलंच कार्यालय खोटं आहे का हे ओळखायला साधा चष्माही नाही.

तेव्हा नानांनी आणि मी ओट्यावर बसून एक शासन निर्णय तयार केला. मसुदा असा:

विषय: शासकीय कामांना हयातीचा दाखला सक्तीचा करणेबाबत.

एक. प्रत्येक रस्त्याने दर वर्षी नोव्हेंबरात तहसील कार्यालयात स्वतः हजर राहावे. पावसाळ्यात वाहून गेल्यास वारसांनी, म्हणजे ठेकेदाराने, मृत्यूची नोंद करून मिळालेली रक्कम परत करावी.

दोन. प्रत्येक नळाने पाण्याचा ठसा द्यावा. तीन वेळा ठसा न जुळल्यास नळ बोगस समजण्यात येईल. ‘नळ शे, पाणी नही’ ही सबब ऐकली जाणार नाही.

तीन. वाटप झालेल्या म्हशीचे व इंजिनाचे ई-केवायसी लाभार्थ्याच्या दारात करावे. फोटोत दिसणारी म्हैस दुसऱ्या तालुक्यातल्या फोटोतही आढळल्यास तिला प्रवासभत्ता देय नाही.

चार. पक्ष बदलणाऱ्या लोकप्रतिनिधीने नवीन पक्षाचे रहिवासी प्रमाणपत्र व जुन्या पक्षाची ना-हरकत जोडावी. जुने आरोप नवीन पक्षात वर्ग झाले की तिथे पोहोचताच रद्द झाले, याचा स्पष्ट खुलासा करावा.

पाच. चौकशी समितीने आपण अजून हयात असल्याचे दर सहा महिन्यांनी कळवावे.

मसुदा वाचून मी खूश झालो. नाना मात्र गप्प होते. मग म्हणाले, “हाई कायदा तर शे ना भो. आधीपासूनच.”

आणि त्यांनी सांगितलं ते खरं आहे. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा. त्याच्या कलम ४ मध्ये लिहिलं आहे की गावाच्या पंचायतीने योजनांवर केलेल्या खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं. ग्रामसेवकाकडून नाही, सरपंचाकडून नाही, साहेबांकडून नाही. माणसं जमतात त्या सभेकडून. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ साली. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचंही ठरलं. आमच्या जिल्ह्याचा मोठा भाग या कायद्याखाली येतो. म्हणजे धडगावच्या डोंगरातल्या माणसाला विचारायचा हक्क आहे, की दाखवा रस्ता, मग मिळेल दाखला.

“मग तुमच्या काळात असं व्हायचं का?” मी विचारलं.

नाना जरा वेळ चुना मळत राहिले. मग म्हणाले, की त्यांच्या काळात ग्रामसभा व्हायची, पण कपाटात. रजिस्टर कपाटातून निघायचं, घरोघर फिरून सह्या-अंगठे घेऊन यायचं, आणि परत कपाटात जायचं. ठराव सर्वानुमते मंजूर. कपाटात विरोधी पक्ष नसतो.

इथे दोष एकट्या कपाटाला देऊन चालणार नाही. आमचा, म्हणजे तुमचा-माझा, संतापही वेळापत्रक पाळणारा आहे. तो चहाबरोबर येतो आणि बिल देताना ओसरतो. ठेकेदार परका असला की भ्रष्टाचार, भाचा असला की धडाडी. सह्यांचं रजिस्टर दारात आलं की कशावर सही आहे ते न विचारता आपण पेन मागतो. होळीला माणसं परमुलखातून गावी येतात, भोंगऱ्या बाजार फुलतो. मतदानाला मात्र त्यांना आणायला गाडी जाते, आणि गाडी पाठवणारा नंतर पाच वर्षं हिशेब देत नाही. आपणही मागत नाही. भाड्याचे पैसे त्याने दिलेले असतात ना.

तरीही माझा आशेचा आजार बरा होत नाही, आणि त्याला कारणं याच जिल्ह्यातली आहेत. १९७० च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या माणसांनी जमीनदाराला मजुरीचा आणि गेलेल्या जमिनीचा हिशेब विचारला होता. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, हिशेब मात्र तोंडपाठ होता. आणि अलीकडचं, २०२१ सालच्या उन्हाळ्यातलं घ्या. देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा देशाच्या गरिबीच्या यादीत झळकणाऱ्या या जिल्ह्याकडे स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ते उभारायला घेतले होते. कार्यालय तेच, खुर्च्या त्याच, शिक्के तेच, निधीचे नियमही तेच. फरक इतकाच की कागदावरची वस्तू जमिनीवर होती, आणि तिच्यातून हवा येत होती. त्यामुळे ‘सिस्टीमच तशी आहे हो’ हे वाक्य मी तेव्हापासून कुणाकडून ऐकून घेत नाही.

पेसाचा दाखला सगळ्या रोगांवर औषध नाही, हे नाना स्वतःच सांगतात. तो ग्रामपंचायतीच्या पैशापुरता. मोठा ठेकेदार, मोठा विभाग, मोठे साहेब त्याच्या कक्षेबाहेर. त्यांच्यासाठी २००५ चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा. दहा रुपयांत आता धड वडापाव येत नाही, पण अंदाजपत्रकाची नक्कल मागता येते. ती हातात घेऊन रस्त्यावर उभं राहायचं आणि खडी मोजायची. यात वीरश्री काही नाही. फोटोही फारसा चांगला येत नाही.

तर पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला. नाना आपल्या मूळ गावी जाणार आहेत, आणि त्यांनी मलाही चल म्हटलं आहे. कार्यक्रम ठरला आहे: रजिस्टर कपाटातून काढायचं, खर्चाचा प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायला लावायचा, आणि जे काम दिसेल त्यालाच हात वर करायचा. सभेनंतर पंचायतीतर्फे चहा असतो. तो कुठल्या हेडखाली टाकला आहे ते विचारूनच प्यायचा.