पेलोडपंत

पंतांकडे एक जुनी कॅमरी आहे आणि तिच्यामागे आजवर काहीही बांधलं गेलेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर त्यांच्याशी पाच मिनिटं बोललात, तर हा माणूस रोज पहाटे चौदा हजार पौंडांचं घर मागे लावून कोलोरॅडोचा घाट चढतो, अशी तुमची समजूत होईल.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत, आमच्या गल्लीच्या टोकाला पंत राहतात. गेली तीन वर्षं ते पिकअप ट्रक घेणार आहेत. पैसे तयार आहेत, रंगही ठरलाय. अडलंय ते मागच्या चाकांवर. मागे दोन घ्यायची की चार? चारवाल्याला इथे ड्युअली म्हणतात. दोन्ही बाजूंना जोडीजोडीने टायर आणि त्यांवर फुगीर मडगार्डं. मागून पाहिलं तर काष्टा घट्ट मारून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या असलेल्या आत्याबाईंसारखा दिसतो.

असे पंत इथल्या दर मराठी मंडळात एकदोन असतातच. कुणाचं सोलर पॅनेलवर अडलेलं असतं, कुणाचं मुलीच्या व्हायोलिनवर. आमच्या पंतांचं नाव पेलोडवरून पडलं. पेलोड म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर घ्यायचं वजन. ओढायचं वजन निराळं, आणि जाहिरातीत छापतात ते तेच. फोर्डच्या एफ-४५० ची ओढ ४०,००० पौंडांपर्यंत जाते, म्हणजे अठरा टन. वाचताना द्रोणागिरी आठवतो. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं, ते घरच्या माणसासारखं खरं बोलतं : माणसं आणि सामान मिळून एवढ्या पौंडांवर जायचं नाही. पंत शोरूममध्ये गेले की इंजिन बघत नाहीत. दार उघडतात, वाकतात, चष्मा वर करतात आणि स्टिकर वाचतात. सेल्समन किल्ली पडलीय समजून खाली शोधायला लागतो.

त्यांचं मन बसलंय ते फिफ्थ व्हील ट्रेलरवर. हा ट्रेलर मागच्या बंपरला नाही, तर ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर अडकवतात. त्यामुळे त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्याच पाठीवर येतो. चौदा हजारांचा ट्रेलर, म्हणजे अठ्ठावीसशे. तो अडकवायच्या हिचचे दोनशे. माणसं चार, सहाशे. ‘‘झाले की नाही छत्तीसशे?’’ पंत विचारतात, आणि समोरच्याच्या हातातला वडा तसाच राहतो. डिझेल इंजिन ओढायला राक्षस, पण स्वतःच इतकं जड की पेलोडचा घास तेच खातं. म्हणून २५०० मॉडेलचा डिझेल ट्रक बाद. सिंगल चाकांचं ३५०० मॉडेल काठावर. ड्युअली मात्र आरामात.

मग घेऊन टाका की ड्युअली! छे. ड्युअलीची रुंदी ९६ इंच, म्हणजे आठ फूट. पंतांच्या गॅरेजचं दार आठ फूट. आरसे धरलेलेच नाहीत. बऱ्याच ऑटोमॅटिक कारवॉशमध्ये ती घेत नाहीत. टायर चाराऐवजी सहा. मोकळी असली की ओल्या गवतावर आणि बर्फात तिचं मागचं अंग घसरतं. ‘‘अहो, केटीत बर्फ कुठला?’’ असं मी एकदा म्हणालो. ‘‘फेब्रुवारी २०२१,’’ पंत म्हणाले. विषय संपला.

बरं, सिंगल? ती पार्किंगमध्ये मावते, रोजच्या वापराला बरी. पण आडवा वारा सुटला की ड्युअलीसारखे पाय रोवून उभी राहणार नाही. आणि मागचा टायर फुटला, तर ड्युअलीचा शेजारी भाऊ काही काळ भार सांभाळतो. सिंगलला भाऊ नाही.

या सगळ्याची एक्सेल फाइल आहे. मी ती पाहिली आहे, म्हणजे पाहावी लागली. कुत्र्याला रकाना आहे (कुत्रा घेतलेला नाही). लोणच्याच्या बरण्या आहेत, दोन कुकर आहेत. वहिनींनी त्या फाइलकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अहो, तुमचं वजन लग्नातलं टाकलंय.’’ दुरुस्तीनंतर सिंगल ट्रक बावीस पौंडांनी नापास झाला. आठवडाभर पंत संध्याकाळी चालायला जात होते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी ड्राइव्हवेवर दोन्ही ट्रक खडूने आखले, पूर्ण मापात. लांबी बावीस फूट, शेपूट फुटपाथवर. गल्लीतल्या पोरांनी ड्युअलीत ठिकरीचा डाव मांडला. सिंगलमध्ये एकजण आऊट होऊन बसला होता. सोसायटीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की दारात ट्रेलर उभा करायला मनाई आहे. खडूबद्दल नियम नव्हता. पाऊस आला आणि दोन्ही ट्रक एकदमच गटारात गेले.

प्रवासात पंतांना बकीजचे पेट्रोल पंप फार आवडतात. तिथे अठराचाकी ट्रकना बंदी, त्यामुळे पंपापंपावर पिकअपच पिकअप. आम्ही ब्रिस्केट सँडविचच्या रांगेत, पंत बाहेर कुठल्यातरी ड्युअलीवाल्याला गाठून. एकदा घोड्यांचा ट्रेलर लावलेला, हॅट घातलेला एक म्हातारा शेतकरी सापडला. पंतांनी वाऱ्यात कसं वाटतं, उतारावर कसं वाटतं, आतल्या चाकाची हवा कशी बघता, असे अकरा प्रश्न विचारले. म्हाताऱ्याने विचार केला आणि म्हणाला, ‘‘बरं चालतं.’’ पंतांनी वहीत लिहिलं, ‘बरं’, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

खरी परीक्षा झाली ती सासरे आले तेव्हा. हे कराडकडचे, उभा जन्म एसटी चालवण्यात गेलेला. पंतांनी त्यांना मोठ्या कौतुकाने शोरूममध्ये नेलं. मीही गेलो, असली मजा फुकट सोडायची नसते. सासऱ्यांनी ड्युअलीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या जोडीवर बुटाची टाच आपटून आवाज ऐकला. ‘‘आतलं पंक्चर असलं की असंच कळतं. डोळ्याला दिसत नाही, बाहेरचं झाकतं. आणि जोडीत दगड अडकला तर टॉमी घालून काढायचा, नाहीतर मागच्याची काच गेलीच.’’

पंत वहीत लिहीत होते. तीन वर्षांत एवढ्या कामाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

‘‘पण जावईबापू, ओढायचंय काय?’’

‘‘ट्रेलर.’’

‘‘कुठाय?’’

‘‘तो ट्रक ठरल्यावर. आधी ट्रेलर घेतला आणि ट्रक कमी पडला तर?’’

सासरे परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘आपल्याकडं ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. वर गाणी लावून. वजन कारखान्यावर गेल्यावर कळतं.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘तेही कळतंच असं नाही.’’ काटामारीचा हा टोला पंतांच्या डोक्यावरून गेला. ते लगेच कॅट स्केलबद्दल बोलू लागले. हा इथल्या ट्रक थांब्यांवरचा वजनकाटा. पुढचा आस, मागचा आस, ट्रेलर, सगळ्यांचं वेगवेगळं वजन एका पावतीवर देतो. सासऱ्यांना मात्र तो काटा मनापासून बघायचा होता. दोघं दुसऱ्या दिवशी जाऊन आले आणि कॅमरीचं वजन करून आले. पावती फ्रिजवर लावली आहे.

पंतांवर हसतो खरा, पण गणपतीच्या वेळी मी गप्प बसलो. मंडळाने मखर, भांडी आणि स्पीकर न्यायला भाड्याचा छोटा ट्रेलर आणला होता आणि तो एकाच्या एसयूव्हीला लावला होता. पोरांनी जड पातेली मागच्या दाराशी कोंबली होती, उतरवायला सोपं म्हणून. पंत आले, बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. ‘‘सगळं उतरवा. साठ टक्के वजन आसाच्या पुढे हवं. मागे जड झालं तर फ्रीवेवर शेपटी हलवेल.’’ त्यांनी घरून बाथरूमचा वजनकाटा आणला. गुरुजींचा चौरंग मागून घेऊन काटा त्यावर ठेवला, ट्रेलरचं नाक काट्यावर. दोन हजार पौंडांच्या ट्रेलरचं नाक दोनशे ते तीनशे भरायला हवं. भरलं एकशे दहा. गुरुजी मुहूर्त सांगत होते, पंत आकडा. पातेली पुढे सरकली, मखर मागे गेलं, चौथ्या खेपेला दोनशे चाळीस आले. ट्रेलर पंचवीस मैल एखाद्या शहाण्या गाईसारखा मागोमाग गेला.

मूर्ती पंतांच्या कॅमरीत, पुढच्या सीटवर, पट्टा लावून. मी मागे आरतीचं ताट सांभाळत बसलो होतो. निघताना पंतांनी सवयीने दार उघडलं, वाकून स्टिकर वाचलं आणि मूर्तीकडे पाहत थबकले.

‘‘बाप्पा माणसांत धरायचे की सामानात?’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘दोन्ही एकाच रकान्यात आहे ना? चला.’’